पुढचं अंगण

बाईनं दार वाजवलं नाही. शालीत गुंडाळलेलं बाळ छातीशी घट्ट धरून ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "हरवलेल्या वस्तू शोधून देता त्या तुम्हीच का?"

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला. "वस्तू काय हरवलीय त्यावर आहे. अब्रू हरवली असेल तर जरा वेळ लागतो."

"दोन्ही," बाई म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली.

कोपऱ्यात ढमीला थोपटत बसलेल्या चिमीनं मान वर केली. ढमी ही तिची सात महिन्यांची लेक. नवरा कामानिमित्त लांब गेल्यापासून चिमी मावशीकडे राहत होती आणि तिच्या खासगी तपासाच्या कामात कागदपत्रं लिहून देत होती. मावशीच्या मते ती कागदपत्रं झकास लिहायची, फक्त त्यात काय लिहिलंय ते तिला कधीच कळायचं नाही.

आत्ता मात्र चिमीला एक गोष्ट चटकन कळली. समोरचं बाळ महिन्याचंही नव्हतं. एवढ्या कोवळ्या जिवाला घेऊन बसचे धक्के खात यायचं म्हणजे पाणी गळ्याशी आलं असणार.

बाईचा नवरा गावातल्या चर्चचा राखणदार होता. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे तिथलेच राखणदार. चर्चच्या आवारातलं दोन खोल्यांचं घरही नोकरीबरोबर आलेलं. काल दुपारी बंद चर्चमधून पूजेचा चांदीचा जुना प्याला नाहीसा झाला होता, आणि किल्ली एकट्या राखणदाराकडे होती.

"संध्याकाळी बिशपांचा माणूस येतोय," बाई म्हणाली. "तोवर प्याला मिळाला नाही तर ह्यांना पोलिसांत देणार आणि आम्हाला घर सोडायला सांगणार. ह्यांनी घेतला नाही हो. पण हे बोलतात त्यावर कोणाचा विश्वासच बसत नाही."

"का?"

"बोलायचा सराव नाही ना. झाडू बोलतो तेवढंच हे बोलतात."

मावशी उठली. "चिमे, ढमीची पिशवी घे."

"हिला सर्दी आहे मावशी."

"मग रुमाल जास्तीचे घे."

*

चर्च एका उंचवट्यावर होतं. दगडी भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन हात जाड. पश्चिमेला रस्ता, आणि रस्त्याकडे तोंड करून उंच दर्शनी भिंत, घंटेचा मनोरा, कमानीची ओसरी. मनोरा बाकीच्या इमारतीपेक्षा नवा आहे हे चिमीलाही दिसलं. त्याचे दगड गुळगुळीत होते, बाकीचे पावसापाण्यानं खाल्लेले.

फादर स्वतः दार उघडायला आले. उंच, थकलेले, रात्रभर न झोपलेले.

"मनोरा रस्ता झाल्यावर बांधला म्हणतात," ते म्हणाले. "आधीचं काही विचारू नका. जुनी दप्तरं आगीत गेली. हे चर्च किती जुनं, कोणी बांधलं, काही माहीत नाही. म्हणून तर दुरुस्तीआधी इंजिनियर बोलावलेत. आठवडाभर माझ्याकडेच उतरलेत, दगड न् दगड मोजताहेत बिचारे."

मुख्य दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीत कोरलेल्या दगडी कुंड्या होत्या, ओंजळभर पवित्र पाण्याच्या. फादरांनी आत शिरताना एकीत बोटं बुडवून कपाळाला लावली. कोणी हात पुढं करावा तितक्या सहज.

आत गारवा होता. लांब सभागृह, दोन्हीकडे बाकं, आणि टोकाला पूर्वेच्या अंगाला वेदी. वेदीमागं जमिनीपासून छतापर्यंत कोरीव लाकडाची भिंत उभी होती, वेलबुट्टी, खांब, कोनाडे.

"काल सकाळची प्रार्थना झाल्यावर मी स्वतः प्याला पुसून ह्या कपाटात ठेवला," फादरांनी वेदीशेजारचं भिंतीतलं कपाट दाखवलं. "ह्याची किल्ली इथंच कपाटाच्या पडद्यामागं असते, सगळ्यांना ठाऊक आहे. मग मी एका आजाऱ्याकडे गेलो. राखणदारानं मोठ्या दाराला आतून अडसर घातला, बाजूच्या दारानं बाहेर पडून कुलूप लावलं. संध्याकाळी आम्ही दोघांनी उघडलं, तर कपाट सताड उघडं. दुपारभर पेटीबाई ओसरीत मुलांना गाणं शिकवत होत्या. त्यांना दोन्ही दारं दिसतात. कोणी आत गेलं नाही." त्यांनी श्वास सोडला. "म्हणजे कुलूप लावायच्या आधीच प्याला गेला होता. आणि तेव्हा आत एकच माणूस होता. कुंपणानंच शेत खाल्लं, बाई. मला म्हणवत नाही, पण दुसरं काय म्हणू?"

मावशी वेदीवरच्या मेणबत्तीकडं बघत होती. फादरांनी त्यांच्या पाठीमागं दार लोटून घेतलं होतं, खिडक्या बंद होत्या, तरी ज्योत बाकांच्या दिशेनं झुकत होती.

तेवढ्यात ढमीनं कडेवरून झेप घेतली आणि लाकडी भिंत संपते तिथल्या दगडी भिंतीतल्या एका खळग्यात पंजा घातला. निघाला तो धुळीनं काळाकुट्ट. आता हा तोंडात जाणार, ह्या धास्तीनं चिमीनं तो रुमालानं खसाखसा पुसला.

"हे कशाचं हो?" मावशीनं विचारलं.

"कोणास ठाऊक. फुलदाणी ठेवत असतील पूर्वी."

*

राखणदाराला ओसरीत बोलावलं. रुंद खांद्यांचा, खाली बघणारा माणूस. शेजारी पेटीबाई येऊन बसल्या. चर्चची पेटी त्या वाजवत, म्हणून गावानं नाव तेच ठेवलं होतं. इंजिनियरही आले, हसतमुख, बाही दुमडलेली, काखेत नकाशांची गुंडाळी.

"काल दुपारी कुठं होतास?" मावशीनं विचारलं.

"पुढच्या अंगणात. गवत काढत होतो. सांज होईतो."

"एकटाच?"

"इंजिनियरसाहेबांना विचारा. ते माझ्यासमोरूनच आले-गेले."

पेटीबाईंनी कपाळावर हात मारला. "ऐका. अहो, पुढं मी बसले होते. इथं, ह्या ओसरीत. दुपारचं ऊन थेट पायऱ्यांवर येतं, डोळे उघडवत नाहीत, म्हणून मुलांना आत कमानीखाली घेतलं. मला ना हा दिसला ना साहेब दिसले."

"तुम्ही दारात होतात," राखणदार म्हणाला. "मी पुढं होतो."

"बघा, पुन्हा उलटं उत्तर. काल संध्याकाळपासून हेच चाललंय."

इंजिनियर हळहळल्यासारखं हसले. "घाबरलेला माणूस काहीही बोलतो, मॅडम. माझा राग नाही त्याच्यावर. मी दुपारभर रस्त्यापलीकडच्या टेकडीवर चित्र काढत होतो." त्यांनी गुंडाळी उलगडली. दर्शनी बाजूचं सुरेख चित्र होतं. मनोऱ्यातलं चिमण्यांचं घरटंसुद्धा सुटलं नव्हतं. ओसरी काळोखात, आणि मनोऱ्याची लांब सावली पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत आलेली. "आणि चोरी कळल्यावर सगळ्यात आधी माझी बॅग उघडायला मीच सांगितलं. हो की नाही फादर?"

"हो. आम्हाला नको होतं, पण त्यांनी ऐकलं नाही."

"आतला नकाशाही बघू का?" मावशीनं विचारलं.

"बघा ना." दुसऱ्या कागदावर आतली मांडणी होती. बाकं, खांब, कपाट, दारातल्या दोन कुंड्या, फरशीतली तडसुद्धा. मावशीनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि परत दिला.

"हात छान आहे तुमचा. काही सोडत नाही."

"धंदाच तो आमचा," इंजिनियर म्हणाले. "आज शेवटच्या बसनं निघतोय. एक-दोन मापं राहिलीत तेवढी."

राखणदार उठून उभा राहिला. फादरांकडं बघत म्हणाला, "मी पुढं होतो, फादर." आणि निघून गेला. त्याची बायको बाळाला घेऊन भिंतीशी उभी होती. तिनं ओठ इतके घट्ट मिटले होते की चिमीला बघवेना.

*

चर्चच्या पाठीला टेकून कौलारू उतरतं छप्पर होतं. खाली सुताराची कोठी. मोडकी बाकं दुरुस्त करायचं काम तो तिथं करी. आत लाकडाचा भुसा, रंधे, आणि वर्षानुवर्षं चर्चच्या भिंतीला टेकवून रचत आलेल्या लांबलचक फळ्या.

सुतार वैतागलेला होता. "मी काल जेवायला घरी गेलो नि जरा लवंडलो. गल्लीला विचारा, माझं घोरणं सगळ्यांनी ऐकलंय. परत येऊन बघतो तर फळ्यांची चळत कोणीतरी उपसून पुन्हा रचलेली. मी लांब फळ्या मागं लावतो, आखूड पुढं. इथं सगळा उलटा कारभार. कोंबड्या शिरल्या म्हणावं तर कोंबड्या फळ्या उचलत नाहीत."

"कोठीला कुलूप नसतं?"

"कडी असते नुसती. काल चोरीचा गलका झाला नि मी आपलं कुलूप घातलं. माझी हत्यारं गेली तर मी काय दातांनी लाकूड कापू?"

मावशी हसली. मग चिमीला बाजूला घेऊन म्हणाली, "मी फादरांशी बोलून येते. सुतार चहाला जाईल. तू इथं कोठीच्या दारात बसून ढमीला पाज. कोणालाही आत सोडायचं नाही."

"कोणाला म्हणजे?"

"कोणालाही म्हणजे कोणालाही."

"मावशी, हिचा लंगोट बदलायचाय, कोरडं दुपटं संपलं."

"मग राखणदाराच्या बायकोकडं माग. तिच्याकडं नसणार तर कोणाकडं."

चिमी धावत घरापाशी गेली. बाई आत बाळाला निजवत होती. "पुढच्या अंगणात दोरीवर आहेत बघा, हवी तेवढी घ्या," ती म्हणाली. चिमी ओसरीकडं गेली. दोरी नाही, दुपटं नाही, नुसतं ऊन. ती चर्चला वळसा घालून पुन्हा पाठीमागं आली, तर सुताराच्या कोठीसमोरच दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर पांढऱ्या दुपट्यांची रांग फडफडत होती. बाळंतिणीचं डोकं आधीच ठिकाणावर नसतं, त्यात हा घोर, असं मनाशी म्हणून चिमीनं एक ओढून घेतलं.

ढमी प्यायला लागली तेव्हा आवार रिकामं होतं. चिमी उंबऱ्यावर बसली होती, फळ्यांकडं पाठ करून. बाहेर ऊन, तरी मानेवर मागून गार झुळूक येत होती. ह्या पोरीची सर्दी वाढणार, तिनं शाल ओढून घेतली.

पावलं वाजली. तिनं वर बघितलं. इंजिनियर, खांद्याला बॅग.

"एक माप राहिलंय आतलं," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

चिमीनं ढमीला शालीत घट्ट धरलं. का ते तिला सांगता आलं नसतं. "ही पितेय," ती म्हणाली. "आता उठवलं तर आकांत करील."

"तुम्ही कशाला उठता? मी कडेनं जातो."

"कडेला जागा नाही."

जागा होती. दोघांनाही दिसत होती. इंजिनियर हसत होते, पण त्यांचे डोळे चिमीकडं नव्हते, तिच्या डोक्यावरून मागं, फळ्यांवर होते. त्यांनी एक पाय पुढं टाकला. चिमीनं ढमीला आणखी जवळ ओढलं आणि आपले दोन्ही पाय दारात आडवे पसरले. कसं दिसतं ह्याचा विचार तिनं नंतर केला.

"बस चुकेल हो माझी," ते म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं.

"मग निघा ना," चिमी म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

ते आले तसे गेले.

मावशी परतली तेव्हा चिमीचे पाय अजून दारात आडवेच होते. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी, ताण उतरावा म्हणून, दुपट्याची गंमतही सांगितली. "पुढचं अंगण म्हणाली, आणि दोरी इथं मागं. बिचारीला झोपच नसेल."

मावशीनं चिमीचा गालगुच्चा घेतला, अगदी लहानपणी घ्यायची तसा.

"चिमे, तू काय सांगितलंस ते तुला कळलं का?"

"नाही."

"वाटलंच. चल, सगळ्यांना चर्चमध्ये बोलाव. राखणदाराला आधी."

*

बिशपांचा माणूस आला होता. गोल चेहऱ्याचा, सारखं घड्याळ बघणारा. फादर, पेटीबाई, सुतार बाकांवर बसले. इंजिनियर बॅग मांडीवर घेऊन कडेला. राखणदार उभाच होता, आणि त्याच्यामागं त्याची बायको. मोठं दार उघडं होतं आणि उतरतं ऊन थेट वेदीपर्यंत आलं होतं.

"एक साधा प्रश्न," मावशी म्हणाली. "राखणदारा, तुझं पुढचं अंगण कुठलं?"

त्यानं वेदीच्या दिशेनं बोट दाखवलं. "हे काय. तिकडचं. कोठीसमोरचं."

"ते मागचं," पेटीबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं पुढचंच म्हणतात. आजाही म्हणायचा. हे आपलं रस्त्याकडचं म्हणजे दार."

"ऐकलंत?" मावशी सगळ्यांकडं वळली. "हा खोटं बोलत नव्हता. तुम्ही आपल्या पुढच्याकडं बघत होतात, हा त्याच्या. काल दुपारभर हा कोठीसमोर गवत काढत होता, आणि पेटीबाईंना ओसरीतून तो दिसणं शक्यच नव्हतं. त्याची बायकोही दुपटी पुढच्या अंगणात वाळत घालते, ती दोरी माझ्या भाचीला मागं सापडली."

"पण मागच्याला पुढचं कशाला म्हणतील?" बिशपांच्या माणसानं विचारलं.

"कारण एकेकाळी ते पुढचंच होतं." मावशी वेदीपाशी गेली आणि ढमीनं हात घातला होता त्या खळग्यावर बोट ठेवलं. "फादर, अशी कुंडी चर्चमध्ये कुठं असते?"

फादरांनी दाराकडं बघितलं, मग खळग्याकडं. "दारापाशी," ते हळू म्हणाले. "आत येताना."

"तेच. इथं दार होतं. पलीकडून रस्ता झाला, तसं तुमच्या पूर्वजांनी चर्चचं तोंड फिरवलं. तिकडं मनोरा आणि नवं दार, इकडं जुन्या दारावर वेदी आणि हा लाकडी पडदा. दप्तरं जळाली, लोक विसरले. राखणदाराच्या घरात मात्र एक शब्द उरला. आणि दार बुजवलं नसावं असं ही मेणबत्ती सकाळपासून सांगतेय. सगळं बंद असताना तिची ज्योत वेदीमागून येणाऱ्या वाऱ्यानं झुकते. दुपारी वारा उलटला, तेव्हा आतला गारवा कोठीत फळ्यांमधून माझ्या भाचीच्या मानेवर येत होता."

सुतार ताडकन उठला. "माझ्या फळ्या."

"हो. त्या उपसल्याशिवाय पलीकडून दारापर्यंत पोचता येत नाही. आता इमारतीचं इंच न् इंच मोजणाऱ्या माणसाला जाड भिंतीतलं दार सापडणार नाही, असं होईल का?"

इंजिनियरांनी भुवया उंचावल्या. "मॅडम, तर्क छान आहे. पण माझ्या नकाशात असलं दार नाही."

"दार नाही, ते एक वेळ समजू शकते. पण ही कुंडीही नाही. फरशीतली तड काढलीत, दारातल्या दोन्ही कुंड्या काढल्यात, तिसरी तेवढी सोडलीत. काही न सोडणारा माणूस एकच गोष्ट सोडतो, तेव्हा ती त्याला दाखवायची नसते."

"राहिली असेल. मी काल दुपारी टेकडीवर होतो, ते तरी मान्य कराल?"

"तुमच्याच चित्राला विचारू." मावशीनं दाराकडं हात केला. "आत्ता ऊन कुठं आहे बघा. दुपारनंतर ओसरी उजेडात असते, पेटीबाईंना डोळे उघडवत नव्हते. तुमच्या चित्रात ओसरी काळोखात आहे आणि मनोऱ्याची सावली रस्त्यावर. सूर्य चर्चच्या पाठीशी असतानाचं, म्हणजे सकाळचं चित्र आहे ते. काल दुपारी तुम्ही राखणदाराच्या समोरून कोठीत शिरलात. कोठीत जाणारा माणूस चर्चमध्ये जातोय असं त्याला कसं वाटावं? म्हणून तर बिचाऱ्यानं तुम्हालाच साक्षीदार केलं. तो 'पुढचं अंगण' म्हणाला, तेव्हा सगळे चुकले. बरोबर समजलात ते एकटे तुम्ही, कारण जुनं दार तुम्हालाच माहीत होतं. आणि तुम्ही हसलात."

ढमीनं एक शिंक दिली.

"माझी बॅग तपासलीय," इंजिनियर म्हणाले.

"त्यात नाहीच प्याला. एवढा मोठा प्याला घेऊन बाहेर पडायचं, तर दारात हा गवत काढत बसलेला. सांज होईतो हलला नाही. मग गलका झाला, सुतारानं कुलूप घातलं. म्हणून आज तुमचं ते राहिलेलं माप. प्याला इथंच आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. फादर, हा पडदा कडेनं उघडतो का?"

फादरांना माहीत नव्हतं. राखणदार पुढं झाला. धूळ झटकायला तो जी फळी सरकवायचा, ती त्यानं सरकवली. आत हातभर पोकळी होती, आणि पोकळीपलीकडं, आजवर त्याला अंधारात भिंतच वाटलेलं, काळं पडलेलं भक्कम लाकडी दार. अडसर, मापं घेतानाच कधीतरी काढलेला असणार, भिंतीला टेकवलेला. दार किंचित उघडं. त्याच्या आणि सुताराच्या फळ्यांच्या मधल्या फटीत, मळक्या कापडात गुंडाळलेला, चांदीचा प्याला.

राखणदारानं तो दोन्ही हातांनी फादरांपुढं धरला. फादरांनी घेतला, पण बघत राहिले त्याच्याकडं. त्याची बायको बाकावर बसली आणि बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडली. चिमी तिच्या शेजारी जाऊन बसली. तिनं तिच्या बाळाची टोपी सारखी केली.

बिशपांच्या माणसानं घड्याळ बघणं सोडलं होतं. तो इंजिनियरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमची बस गेली. माझ्या गाडीतून चला."

*

निघताना फादर मावशीला पोचवायला आले. सुतारानं फळ्या बाजूला केल्या होत्या आणि जुनं दार पुरतं उघडलं होतं. वेदीमागून गवताचा ओला वास आत येत होता.

"मी त्याला चोर म्हणालो," फादर म्हणाले. "एकदाही विचारलं नाही, पुढचं म्हणजे कुठलं. इतकी वर्षं रोज बोलतोय त्याच्याशी."

"त्याला सांगा हे. मला काय सांगता?"

फादरांनी मान हलवली. ओसरीत पेटीबाई विचारत होत्या, राखणदार कुठं दिसत नाही तो, अंधार पडायच्या आत घंटा व्हायला हवी.

"पुढच्या अंगणात असेल," फादर म्हणाले. "थांबा, मीच जातो."

आणि ते मोठ्या दारानं बाहेर न पडता वेदीकडं वळले. तिसऱ्या कुंडीपाशी आल्यावर, आत पाणी नव्हतं तरी, त्यांनी बोटं बुडवली.